खंडाळ्याचा मलिदा

आमच्या बाजूस कोकणातील मंडळी भेटतात ती बहुधा मार्गशीर्षात. धारूरपासून जवळच असलेल्या अंबाजोगाईची योगेश्वरी ही कोकणस्थांच्या अनेक घराण्यांची कुलस्वामिनी. तिच्या उत्सवास समुद्रकाठची कुटुंबे लेकीसुनांसह घाट चढून येतात, ओटी भरतात, आणि ‘तुमच्याकडे थंडी फार हो’ असे म्हणत परत जातात. त्यांच्या मुलखास जाण्याचा योग आम्हा देशावरच्या लोकांस क्वचितच येतो. ज्या मास्तराने बत्तीस वर्षे मुलांकडून समुद्राची अमरकोशातील नावे घोकून घेतली, त्याने स्वतः समुद्र पाहिला तो सेवानिवृत्तीनंतर, साठी उलटून गेल्यावर, हे सांगताना संकोच वाटतो; पण खरे ते खरे.

योग आला तो पुतणीमुळे. धाकट्या बंधूंची कन्या अलिबागेस दिली आहे. ‘काका, यंदा थंडीत इकडेच या, तुमचा दमा बरा राहील’ असा तिचा आग्रह दोन वर्षे चालला होता. अखेर २०२४ च्या जानेवारीत, पौष शुद्ध पक्षात, मी एस.टी.त बसलो.

बालाघाटच्या या डोंगरपट्ट्यात पौष महिना म्हणजे कुलुपांचा महिना. दसरा-दिवाळी झाली की ट्रॅक्टर आणि मालमोटारी येतात, उचल दिलेल्या जोड्यांची नावे मुकादम वाचतो, आणि नवराबायकोचा एकेक ‘कोयता’ पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे रवाना होतो. ते परततात पाडव्याच्या मागेपुढे. वस्त्यांवर मागे राहतात ती म्हातारी माणसे, शेळ्या आणि काही मुले. बाकीची मुले आईबापांबरोबर फडावर जातात. सरकारने अलीकडे हंगामी वसतिगृहे काढली आहेत व त्यांचा उपयोगही होतो. परंतु मी शिकवीत होतो त्या काळी माझ्या वर्गाच्या हजेरीपटावर दिवाळीपासून पाडव्यापर्यंत काही नावांपुढे एका ओळीत ‘गै’, ‘गै’, ‘गै’ अशी अक्षरे पडत. पट मोजावा, गैरहजर वजा करावे, बेरीज जुळली की सही ठोकावी, आणि उरलेल्यांस देव शब्द चालवून दाखवावा, असा माझा क्रम असे. त्यात आपले काही चुकते आहे असे मला बत्तीस वर्षांत एकदाही वाटले नाही. हा मजकूर प्रवासवर्णनाच्या आरंभी कशास, असे वाचक विचारतील. त्याचे कारण पुढे येईल.

पुण्यास गाडी बदलावयाची होती. हाताशी दोन तास होते, म्हणून ससून रुग्णालयापर्यंत जाऊन आलो. माझ्या तीर्थरूपांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया तेथेच झाली होती, व त्यांस दिसू लागले होते. ज्या डेव्हिड ससून यांच्या द्रव्याने ते रुग्णालय १८६७ साली उभे राहिले ते बगदादहून मुंबईस आलेले यहुदी व्यापारी. पुण्यातील लाल देवळाच्या आवारात त्यांची समाधी आहे. हे लाल देऊळ म्हणजे यहुद्यांचे सिनेगॉग होय, हे मला वयाच्या पन्नाशीपर्यंत ठाऊक नव्हते. मी ते ख्रिस्ती लोकांचे समजत असे! रुग्णालयाची इमारत पाहून मनात आले की, दान म्हणावे ते हे. दगडात बांधलेले, नाव कोरलेले, दीडशे वर्षे टिकलेले. पुढील आठवड्यात मात्र एक अगदी निराळे दान पाहावयास मिळाले.

अलिबागेत पुतणीचे घर ज्या भागात आहे तेथून इस्राएल आळी जवळच. आळीतील एक वृद्ध गृहस्थ जावईबापूंच्या बँकेतील जुने खातेदार. त्यांच्याशी पहिल्याच दिवशी ओळख झाली. डोक्यास टोपी, तोंडात अस्सल अष्टागरातील मराठी, आडनाव एका गावावरून पडलेले. बेने इस्राएलांची आडनावे अशीच असतात: किहीमचे किहीमकर ऊर्फ केहिमकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, दिव्याचे दिवेकर, नवगावचे नवगावकर. वतनाचा कागद हरवला तरी आडनावावरून गाव सापडावे अशी ही व्यवस्था आहे. मी ओटीवर बसलो असता त्यांच्या सौभाग्यवतींनी कोकमाचे सरबत आणले, व ‘थंडीत चालेल ना?’ असे विचारले. त्यांच्या थंडीस आम्ही धारूरकर थंडी म्हणत नाही, परंतु सरबत घेतले.

यांची मूळ कथा थोडक्यात सांगतो. फार प्राचीन काळी यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागेच्या उत्तरेस नवगावजवळ फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. किनाऱ्यास लागलेली प्रेते नवगावीच पुरली. पुरुषांचा एक व स्त्रियांचा एक असे दोन उंचवटे तेथे दाखवितात आणि जवळ आता स्मारकस्तंभ उभा आहे. ग्रंथ गेले, भाषा गेली. राहिले ते काही उपवास, सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध, एक प्रार्थनावचन आणि शनिवारची विश्रांती. तेलाचा घाणा हा व्यवसाय पत्करला, पण शनिवारी घाणा चालवावयाचा नाही, म्हणून गावकरी त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. आमच्याकडे शनिवारी तेल विकत आणू नये असा दंडक असल्यामुळे मला हे ऐकून गंमत वाटली. इतिहास म्हणून या कथेचा पुरावा मागणे व्यर्थ आहे. कोकणस्थांच्या उत्पत्तीची जी कथा सांगतात तीतही समुद्राने किनाऱ्यास आणलेली चौदा प्रेते आहेतच; मार्गशीर्षात घाट चढून येणाऱ्या माझ्या परिचितांनी याचा राग मानू नये.

आळीतील सिनेगॉगचे नाव ‘मागेन अबोथ’, म्हणजे पूर्वजांची ढाल. पहिली इमारत १८४८ ची. आजची १९१० मध्ये बांधलेली. शनिवारी सकाळी ‘या, मास्तर’ असे आमंत्रण मिळाले. डोके झाकलेले असावे लागते. माझी रोजची टोपी कामास आली. आत मूर्ती नाही, चित्र नाही. समोर पडद्याआड कपाट, त्यात चर्मपत्रावर लिहिलेल्या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या. मध्यभागी कठड्याचा चौथरा, तेथून वाचन होते. वर अखंड दीप. आमच्या देवळातील नंदादीपाची आठवण झाली. मी मागील बाकावर बसलो.

पण प्रार्थना काही सुरू होईना. मंडळी कुजबुजत होती, दाराकडे पाहत होती. माझ्या यजमानांनी हळूच सांगितले की, काही प्रार्थना दहा वयस्क पुरुष जमल्यावाचून म्हणता येत नाहीत आणि ग्रंथही बाहेर काढता येत नाही. मी सवयीप्रमाणे मनात मोजणी केली व म्हटले, “दहा तर आहोत.” ते हसले. “तुम्हांला धरून दहा, मास्तर. आमचे नऊच.”

मग त्यांनी मला त्यांच्या मोजणीची रीत सांगितली. यहुद्यांत माणसांस एक, दोन, तीन असे मोजीत नाहीत. ते गैर मानतात. दहा शब्दांचे एक वचन आहे, त्यातील एकेक शब्द एकेका माणसास लावीत जातात. शब्द पुरे झाले की माणसे पुरी झाली. त्या दिवशी वचनाचा शेवटचा शब्द शिल्लक राहिला होता. दोन तरुण बाहेर गेले. त्यांपैकी एक केवळ या प्रार्थनेसाठी आदल्या संध्याकाळी मुंबईहून आलेला. पंधरा-वीस मिनिटांनी ते परतले ते एका अतिवृद्ध गृहस्थांस दोन्ही बाजूंनी हात देऊन. गुडघे पार गेलेले, गळ्याभोवती मफलर, श्वास लागलेला. ‘आज थंडी आहे, आजोबांना राहू द्या’ असे घरच्यांनी ठरविले होते म्हणे. ते आत येताच सर्व मंडळी उभी राहिली. म्हाताऱ्याने हात हलवून, ‘बसा, बसा, करा सुरू’ असे म्हटले, आणि इतका वेळ अडलेले ते कार्य क्षणात चालू झाले. त्या म्हाताऱ्यास पुढे वाचताही येत नव्हते, डोळे अधू होते. त्याच्याकडून दुसरे काही नकोच होते. त्याने असावे, एवढेच हवे होते.

माझ्यापुरते सांगतो: आमच्या आळीतील राममंदिरात एकादशीस विष्णुसहस्रनामाचे आवर्तन होत असे, ते बंद पडले. प्रथम जाणे सोडणाऱ्यांत मी होतो. ‘माझ्यावाचून काय अडते?’ हे माझे त्या वेळचे वाक्य. आमच्या धर्मात माझ्यावाचून खरोखरच काही अडत नाही, एकटा माणूसही जप करू शकतो, ही मोठीच सोय आहे; पण सोयीचा उपयोग मी कसा केला तो सांगितला.

दुसऱ्या दिवशी ओटीवर दानधर्माविषयी बोलणे निघाले. शनिवारी पैशास हात लावावयाचा नसतो. म्हणून कपाट उघडण्याचा, ग्रंथ उचलण्याचा वगैरे मान जो घेतो तो आकडा तोंडाने बोलतो व पैसे मागाहून पोचवितो. त्या निधीतून दिवाबत्ती, डागडुजी आणि अडल्यानडल्यास मदत. जुन्या काळी मंडळीचे जे अधिकारी असत त्यांची नावे ऐकून मी चमकलो: मुकादम, चौगुला, गबाई, हझान, शमाश. शेवटची तीन इब्री, पण पहिली दोन आपल्याच पाटीलकीतली! आमच्याकडे मुकादम म्हणजे उचल देऊन माणसे गावाबाहेर नेणारा. यांचा मुकादम माणसे गोळा ठेवणारा. मी तसे म्हटले, तेव्हा ते म्हणाले, “आता आमच्याकडे मुकादम व्हायलाही माणूस शोधावा लागतो.” शमाश म्हणजे सेवक: झाडलोट करणारा, दिवे लावणारा, घरोघर निरोप देणारा. मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास त्यांचा हनुक्का हा दिव्यांचा सण येतो. आठ रात्री चढत्या संख्येने दिवे लावावयाचे, आणि ज्या नवव्या दिव्याने ते उजळावयाचे त्या दिव्यासही शमाशच म्हणतात. गलबतातून आलेल्या पूर्वजांस हा सण ठाऊक नव्हता, तो नंतर बाहेरच्या यहुद्यांकडून कळला, असे ते स्वतःच सांगतात. पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळणाऱ्यांस तेलाचा सण इतक्या उशिरा मिळावा, हा एक योगच.

दानास इब्री भाषेत ‘त्सदाका’ म्हणतात. या शब्दाचे मूळ दयेत नसून न्यायात आहे, असे कळल्यावर माझ्यातील शब्दांचा मास्तर जागा झाला. आमचे दान ‘दा’ धातूपासून. देणारा त्यात ठळक. गीतेने सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार केले तेही देणाऱ्याच्या वृत्तीवरून. यांच्या शब्दात देणारा पुढे येतच नाही. ज्याचे त्यास पोचले, एवढेच. बाराव्या शतकातील त्यांचे थोर शास्त्रकार मैमोनिदीस यांनी दानाच्या आठ पायऱ्या लावल्या आहेत. सर्वांत खाली खुशीने न दिलेले दान. वर चढत जावे तसे देणारा व घेणारा एकमेकांस अनोळखी होत जातात. आणि अगदी वर, कर्ज देऊन, भागीत घेऊन किंवा काम मिळवून देऊन माणसास पुन्हा हात पसरावा लागू नये असे करणे. या शास्त्रकाराचा अभ्यास चालावा म्हणून घरचा भार त्याचा धाकटा भाऊ वाहत असे. तो रत्नांचा व्यापारी होता, व हिंदी महासागरातच बुडून मेला. त्या धक्क्याने मैमोनिदीस वर्षभर अंथरुणास खिळला होता. एकत्र कुटुंबात राहणाऱ्यांस याहून अधिक सांगावयास नको.

या शिकवणुकीचे एक फळ मुंबईस आहे. हाईम सॅम्युएल केहिमकर या गृहस्थांनी आपल्या समाजातील मुलांसाठी १८७५ साली शाळा काढली. तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. १९२२ पासून १९५० पर्यंत रिबेका रुबेन या विदुषी तिच्या मुख्याध्यापिका होत्या. बायकांनी उंबरठा ओलांडावा की नाही याची आमच्या घरांतून चर्चा चालू होती तेव्हा त्या शाळेची सूत्रे एक स्त्री हलवीत होती! त्याच समाजातील डॉक्टर जेरुशा झिराड १९२८ पासून कामा रुग्णालयाच्या प्रमुख होत्या. त्यांस १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली. आज कदूरी शाळेत यहुदी मुले जवळजवळ नाहीत. आसपासच्या वस्तीतील, बहुतांशी मुसलमान मुले तेथे शिकतात. शाळा बंद करून जागा विकली नाही, हे मला सर्वांत मोठे वाटले.

१९४८ नंतर बहुतेक मंडळी इस्राएल देशास गेली. तेथेही १९६४ पर्यंत आपले यहुदीपण मान्य करून घेण्यासाठी त्यांस झगडावे लागले. त्या सुमारास बेने इस्राएलांची संख्या वीस हजारांच्या घरात होती. २०११ च्या जनगणनेत सबंध भारतातील सर्व यहुदी मिळून पाच हजारही भरले नाहीत. बहुतेक मुंबई-ठाण्यास, अलिबागेत आता बोटांवर मोजण्याइतकी घरे.

ती घरे वर्षातून एकदा भरतात, आणि त्यासाठीच मला थांबवून घेण्यात आले होते. यहुद्यांचे महिने आपल्याप्रमाणेच चांद्र, आणि अधिक मासही आहे: एकोणीस वर्षांत सात. त्यांच्या शेवात महिन्याची पंधरावी तिथी, अर्थात पौर्णिमा, हे झाडांचे नववर्ष. ती कधी आपल्या पौषात येते, कधी माघात. त्या वर्षी ती आली २५ जानेवारीस, म्हणजे बरोबर शाकंभरी पौर्णिमेस. आपण ज्या दिवशी देवीस भाज्यांचा नैवेद्य दाखवितो त्याच दिवशी हे लोक झाडांच्या फळांबद्दल देवाचे आभार मानतात. बेने इस्राएल या दिवशी अलिबागेजवळच्या खंडाळे गावच्या शिवारात जमतात. तेथील खडकावर काही खुणा आहेत. एलियाहू हनबी हा त्यांचा प्रवक्ता येथून रथासह स्वर्गास गेला, त्या वेळच्या घोड्यांच्या टापांच्या व चाकांच्या त्या खुणा, अशी श्रद्धा आहे.

आम्ही पोचलो तेव्हा मुंबई, ठाणे, पुणे येथून मोटारी आल्या होत्या. काही मंडळी थेट इस्राएलहून, नवस फेडावयास. तरुण मुले म्हाताऱ्यांस खुर्चीत बसवून खुर्चीसकट खडकापर्यंत उचलून नेत होती. ते शनिवारचे आजोबाही त्यांत होते. कोणी पाणी वाटीत होते, गावातली पोरे मोटारी लावण्यास जागा दाखवीत होती. बायका मोठमोठ्या परातींत मलिदा कालवीत होत्या: भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलदोडा, बेदाणे, बदाम, वर केळी, खजूर, सफरचंद अशी फळे रचलेली, आणि सुवासासाठी सब्जाच्या काड्या. प्रथम इब्री स्तोत्रे. मग झाडाच्या फळास एक, जमिनीच्या फळास एक, सुगंधास एक असे आशीर्वचन म्हणून वाटप. प्रत्येकाच्या हाती पान आले, माझ्या, मोटारवाल्यांच्या आणि त्या गावच्या पोरांच्याही. कोणास किती हे मोजलेले मला दिसले नाही. मी सोवळ्याओवळ्यात वाढलेला माणूस, क्षणभर थबकलो. पण पोहे-खोबऱ्यास कोणता दोष लावावा ते सुचेना, आणि भूक लागली होती. उत्तम झाले होते.

माझ्याजवळ एक वृद्ध बाई बसल्या होत्या. लहानपणी पेणहून इस्राएलास गेलेल्या. त्यांची मराठी साठ वर्षांपूर्वीची, जशीच्या तशी. त्यांनी विचारले, “तुम्ही कुठले?”

“बीडकडचा. धारूर.”

“तिकडे आमचे कोणी आहे का?”

“नाही, बाई.”

त्यांनी थोडा वेळ मलिदा चिवडला आणि विचारले, “पण गावात माणसे आहेत ना?”

प्रश्न अगदी साधा होता. आमच्या तालुक्याची लोकसंख्या मी भूगोलाच्या तासाला कित्येकदा फळ्यावर लिहिली असेल. मला उत्तर देता आले नाही. ‘पौषात नसतात’ असे म्हणालो, आणि त्या पुढे का म्हणून विचारतील या धास्तीने पाणी आणावयास उठलो.

परतीच्या प्रवासाचे वर्णन करण्याजोगे काही नाही. घाटात गाडी दोन तास अडकली होती. घरी पोचल्यावर चौथ्या दिवशी गावाबाहेरच्या वस्तीवर गेलो. किल्ल्याच्या बाजूने वाट आहे. पूर्वी फिरावयास जात असे, पण वस्तीत कधी शिरलो नव्हतो. एका खोपटासमोर म्हातारा वाकळ पांघरून उन्हात बसला होता, दोन नातू शेळीशी खेळत होते. मी नाव सांगताच म्हातारा म्हणाला, “गुरुजी, यांचा बाप तुमच्याच हाताखाली होता की.” बापाचे नाव ऐकले तेव्हा चेहरा आठवेना, आठवला तो पटावरील अनुक्रमांक आणि त्यापुढची ‘गै’ची ओळ.

तेव्हापासून हिवाळ्यात संध्याकाळी आमच्या ओसरीवर मुले येतात. सूनबाई गणित घेते, मी वाचन घेतो. घरातून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मिळते, तिच्यासाठीच काही येत असावीत. पहिल्या वर्षी पाच होती. शासकीय वसतिगृहातील मुलांची सोय तेथे होते, म्हणून त्यांस बोलावीत नाही. पट ठेवलेला नाही. यंदा नऊ येतात. आणखी एक मुलगा येतो येतो म्हणतो, पण त्याची आजी त्याला दिवस मावळेपर्यंत शेळ्यांमागे ठेवते आणि मग थंडी आहे म्हणून सोडीत नाही. उद्या तिच्याकडे जावयाचे आहे.